लोकल कॉलच्या अंतरावर

जानेवारी १९७८मध्ये शिकागोत मोठं हिमवादळ आलं आणि शहर ठप्प झालं. वॉर्ड ख्रिस्टनसन नावाचा माणूस त्या दिवसांत घरात अडकून पडला होता. नोकरी आयबीएममध्ये, छंद घरी कंप्यूटर जोडण्याचा. त्याने आपल्या मित्राला, रँडी स्यूसला, फोन केला. दोघेही शिकागोतल्या हौशी कंप्यूटरवाल्यांच्या एका क्लबचे सभासद होते. क्लबच्या लोकांना घरून, फोनवरून, आपापला मजकूर एका कंप्यूटरमध्ये टाकता आला तर वार्तापत्राचं काम सोपं होईल, असं ख्रिस्टनसनच्या डोक्यात होतं. स्यूसने दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की क्लबला यात घ्यायचं नाही, घेतलं की कमिटी बसणार. तू सॉफ्टवेअर लिही, मी हार्डवेअर जोडतो. आपल्याकडे ज्यांनी गृहनिर्माण सोसायटीच्या किंवा गणेशमंडळाच्या बैठका काढल्या आहेत, त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

काम दोन आठवड्यांत झालं. पण दोन आठवडे सांगितले तर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून महिना लागला असं सांगायचं ठरलं, ही आठवण ख्रिस्टनसनच सांगत असे. १६ फेब्रुवारी १९७८ हा त्या यंत्रणेचा अधिकृत जन्मदिवस. नाव 'कंप्यूटराइज्ड बुलेटिन बोर्ड सिस्टिम', कारण डोळ्यांसमोर नमुना होता तो भिंतीवरच्या नोटीसबोर्डाचा. 'पुढच्या सभेला येताना कुणाच्या गाडीत जागा आहे का?', 'अमुक विकायचं आहे', अशा चिठ्ठ्या टाचणीने टोचलेला नोटीसबोर्ड. तोच आता फोनवरून वाचता येणार होता आणि त्यावर फोनवरूनच चिठ्ठी टोचता येणार होती.

या गोष्टीतला एक बारीक तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ते मशीन स्यूसच्या घराच्या तळघरात ठेवलं गेलं. ख्रिस्टनसन उपनगरात राहायचा, स्यूस शिकागो शहरात. शहरात मशीन असेल तर शहरातल्या बहुतेकांना तिथे फोन लावणं हा लोकल कॉल ठरणार होता. म्हणजे पहिलं बीबीएस कुठे राहील हे ठरवलं टेलिफोन कंपनीच्या दरपत्रकाने. पुढची जवळजवळ वीस वर्षं बीबीएस नावाच्या प्रकाराला जो आकार आला, त्यामागेही बऱ्याच अंशी तेच दरपत्रक होतं.

मी गेली काही वर्षं एका जुन्या पीसी-एक्सटीवरून आज चालू असलेल्या बीबीएसना जोडणी करतो. हौस म्हणून सुरू केलं, आता सवय झाली आहे. जुनं यंत्र, जुना वेग, जुनी अक्षरं हे सगळं परत मिळवता येतं. ते दरपत्रक मात्र परत मिळत नाही, आणि ते नसल्यामुळे नेमकं काय हरवतं हे मला या छंदामुळेच कळलं.

*

ज्यांनी बीबीएस पाहिलंच नाही, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. कुणाच्या तरी घरात एक कंप्यूटर. त्याला मॉडेम, आणि मॉडेमला घरचीच किंवा त्यासाठी वेगळी घेतलेली फोनलाइन. तुम्ही तुमच्या कंप्यूटरवरून तो नंबर फिरवायचा. पलीकडचं मॉडेम फोन उचलतं, दोन्ही मॉडेम शिट्ट्या मारून एकमेकांची ओळख पटवतात, आणि मग पलीकडच्या कंप्यूटरवरची अक्षरं तुमच्या पडद्यावर येऊ लागतात. नाव आणि पासवर्ड टाका, निरोप वाचा, उत्तर लिहा, एखादी फाइल उतरवून घ्या, आणि फोन ठेवा.

हे शक्य होण्याआधी अमेरिकेतही एक कायदेशीर अडसर दूर व्हावा लागला होता. फोनच्या तारेला कंपनीखेरीज कुणाचं यंत्र जोडायलाच मनाई होती. १९६८ साली तिथल्या दूरसंचार आयोगाने 'कार्टरफोन' प्रकरणात निकाल दिला आणि परक्या उपकरणांना दार उघडलं. पण उघडलेल्या दारातही बरीच वर्षं अटी होत्या. म्हणूनच जुन्या छायाचित्रांत फोनचा रिसीव्हर दोन रबरी वाट्यांमध्ये पालथा घातलेला दिसतो: तारेला हात न लावता, नुसत्या आवाजाने केलेली जोडणी.

वेग आज कल्पनेपलीकडचा वाटावा इतका कमी. सुरुवातीची मॉडेम ३०० बॉडची. प्रत्येक अक्षरामागे साधारण दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला तीस अक्षरं. ऐंशी रकाने आणि चोवीस ओळींचा पडदा पूर्ण भरायला एक मिनिटाहून जास्त वेळ. माणूस वाचतो त्याच्या जवळपासचा हा वेग आहे. पुढे २४०० आला, तेव्हा तोच पडदा आठ सेकंदांत भरू लागला आणि लोकांना वाटलं, याहून अधिक काय हवं?

लाइनवर खरखर असायचीच. मजकुरात एखादं अक्षर बिघडलं तर चालून जातं, प्रोग्रॅममध्ये एक बिघडलं तर सगळं फुकट. यावरचा तोडगाही ख्रिस्टनसनचाच, बीबीएसच्याही आधीचा, १९७७चा. नाव एक्समोडेम. फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यामागे बेरजेचा एक आकडा पाठवायचा. घेणाऱ्याने स्वतः बेरीज करून पाहायची. जुळली तर 'पुढे चला', नाही जुळली तर 'परत पाठवा'. वाण्याची बिलं तपासणाऱ्या कुठल्याही गृहिणीला समजेल इतकी साधी युक्ती. त्याने ती कुणालाही वापरायला मोफत देऊन टाकली.

सगळ्यात मोठी मर्यादा होती लाइनची. एक लाइन म्हणजे एका वेळी एक माणूस. तुम्ही आत असाल तर बाकी सगळ्यांना एंगेज टोन. त्यामुळे रोजचा वेळ ठरवून दिलेला असे: प्रत्येकाला अर्धा तास, तास, जशी मालकाची मर्जी. बीबीएसवरचे खेळसुद्धा या मर्यादेतून घडले. 'लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन' या प्रसिद्ध खेळात दिवसाला ठरावीकच लढाया करता येत. खेळाडूने आपला कोटा संपवायचा, बाहेर पडायचं, दुसऱ्यासाठी लाइन मोकळी करायची. वाड्यातल्या सार्वजनिक नळासारखा हा मामला. नळ एक असला की बादल्यांचा क्रम आपोआप लागतो आणि क्रम मोडणारा सगळ्यांना ठाऊक होतो.

मालकाला 'सिसॉप' म्हणत. ही त्याच्या घरातली गोष्ट होती. वीज त्याची, फोन त्याचा, हार्डडिस्क त्याची. तुम्ही टाइप करत असलेलं प्रत्येक अक्षर त्याला हवं तर त्याच्या पडद्यावर दिसायचं. मध्येच तुमचा मजकूर थांबून ओळ उमटायची, की सिसॉपला तुमच्याशी बोलायचंय. कुणी शिवीगाळ केली तर नियमावलीचं कलम शोधावं लागत नसे; घरचा माणूस दार लावून घ्यायचा. यात मनमानीही भरपूर होती. पण ती मनमानी करणाऱ्याचा फोन नंबर तुमच्याकडे असायचा आणि बहुधा तो तुमच्याच गावात राहायचा.

*

तो तुमच्याच गावात का राहायचा? कारण अमेरिकेत बहुतेक घरांना लोकल कॉल महिन्याच्या ठरावीक भाड्यात मिळत. कितीही वेळ बोला, वेगळे पैसे नाहीत. पण पलीकडच्या शहरात फोन लावला की मिनिटामिनिटाला मीटर. त्यामुळे डॅलसच्या बीबीएसवर डॅलसची मंडळी, बॉस्टनच्या बीबीएसवर बॉस्टनची. रोज रात्री ज्याच्याशी वाद घालायचा, त्याच्यासोबत शनिवारी पिझ्झा खायला जाता यायचं, आणि लोक जातही असत. ही आत्मीयता कुणी ठरवून आणली नव्हती. लांबचं बोलणं महाग असल्याने जवळची माणसं एकत्र आली, इतकंच.

लांबच्यांना जोडायचा मार्ग काढला टॉम जेनिंग्जने, १९८४ साली. त्याचं बीबीएस सॅन फ्रान्सिस्कोत, मित्राचं देशाच्या दुसऱ्या टोकाला बाल्टिमोरमध्ये. दिवसभर लोकांनी लिहिलेले परगावचे निरोप साठवायचे आणि रात्री, दर सगळ्यात कमी असताना, एका मशीनने दुसऱ्याला स्वतःहून फोन करून गठ्ठा पोचवायचा. याचं नाव फिडोनेट. एका कॉलमध्ये शंभर माणसांचे निरोप गेले, की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च जवळपास नाहीसा होतो. दोनाची दोनशे, दोनशेची हजारो ठिकाणं झाली. जगाचे विभाग पाडले गेले, आशियाला सहावा क्रमांक मिळाला. पत्ता म्हणजे विभाग, त्यातलं जाळं आणि त्यातलं घर असे तीन आकडे. १९८६पासून खाजगी पत्रांबरोबर सार्वजनिक चर्चाही अशाच गठ्ठ्यांतून फिरू लागल्या. या कडेने विचारलेल्या प्रश्नाचं त्या कडेचं उत्तर यायला दोन-चार दिवस लागत.

मला यात पोस्टाच्या मेलगाडीची आठवण येते: रात्री डबा जोडायचा, सकाळी पिशवी उतरवायची. फरक इतकाच, की इथे पोस्टखातं नव्हतं. प्रत्येक सिसॉप आपल्या खिशातून रात्रीच्या कॉलचे पैसे भरत होता किंवा सभासदांकडून थोडी वर्गणी घेत होता. सरकारी मदत नाही, कंपनी नाही, आणि तरीही जगभर पोचणारी टपाल यंत्रणा. १९९४ साली एकट्या अमेरिकेत सुमारे साठ हजार बीबीएस असावीत, असा एक अंदाज तेव्हा छापून आला होता.

*

आपल्याकडे हेच रोप वेगळ्या मातीत लावलं गेलं. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहण्याचा तो काळ. ज्यांच्या घरी फोन होता, त्यांचा प्रत्येक लोकल कॉल मीटरवर पडत होता. तरी ऐंशीचं दशक संपता संपता आणि नव्वदीच्या सुरुवातीला मुंबई, दिल्ली, बंगळूर अशा शहरांत बीबीएस उभी राहिली. मुंबईत 'लाइव्ह वायर' होतं. बंगळूरला अतुल चिटणीस 'सिक्स' चालवत. 'पीसी क्वेस्ट' मासिकातल्या त्यांच्या सदरातून मॉडेम म्हणजे काय आणि ते कसं जोडायचं हे एका अख्ख्या पिढीने शिकून घेतलं. भारतातली बीबीएस फिडोनेटच्या आशिया विभागात सामील झाली.

इथे आणखी एक अडचण. एक्स्चेंज जुनी असतील तिथे टोन डायलिंग चालत नसे. मॉडेमला हुकूम देण्याची जी भाषा 'हेज' कंपनीने १९८१च्या 'स्मार्टमोडेम'मध्ये आणली, तिच्यात टोनने नंबर फिरवायला 'एटीडीटी' आणि पल्सने फिरवायला 'एटीडीपी'. अमेरिकी पुस्तकांत सगळी उदाहरणं 'टी'ची. आपल्याकडे कित्येकांना 'पी' वापरावा लागे. मग शिट्ट्या सुरू होण्याआधी चकती फिरवल्यासारखी कटकट ऐकू यायची.

मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होतो. मॉडेम माझ्या मित्राच्या मोठ्या भावाचं, फोन त्यांच्या दिवाणखान्यात, आणि मुंबईचं बीबीएस म्हणजे एसटीडी. रात्री उशिरा पाव दर लागायचा, तेव्हा आम्हाला परवानगी. काकू झोपायला जाताना, "दहा मिनिटांच्या वर नको हं," असं बजावून जात. दहा मिनिटांत वाचून होणार काय? म्हणून निरोपांचा गठ्ठा एका दाबलेल्या फाइलमध्ये उतरवून घ्यायचा, फोन ठेवायचा, मग निवांत वाचायचं, उत्तरं लिहून ठेवायची आणि पुढच्या कॉलला ती एकदम चढवायची. या गठ्ठ्यांचा एक सर्वमान्य साचा होता, 'क्यूडब्ल्यूके' नावाचा. अमेरिकेत ती सोय होती, आमच्यासाठी तो एकमेव मार्ग होता. या गठ्ठ्यांकडे मी शेवटी परत येणार आहे.

मोठं संकट मात्र फोनच्या बिलापेक्षा वेगळंच होतं. भारतात तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार १८८५च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारकडे ठेवला होता. त्या कायद्याच्या नजरेतून कुणाच्या तरी बेडरूममधला, फोन उचलणारा कंप्यूटर हीसुद्धा एक दूरसंचार सेवाच. १९९४च्या सुमारास दूरसंचार खात्याने बीबीएससाठी परवाना शुल्क जाहीर केलं: वर्षाला किमान पंधरा लाख रुपये. ज्या माणसाकडे एक पीसी, एक मॉडेम आणि रात्रीची हौस होती, त्याच्यासाठी हा आकडा. बीबीएसवाल्यांनी आणि काही नागरी हक्कवाल्यांनी विरोध केला. बोलण्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा मांडला गेला, आणि तो नेमका होता: छापखाना काढायला पंधरा लाखांचा परवाना लागला असता, तर मराठीत किती अनियतकालिकं निघाली असती?

पुढे १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने जनतेसाठी इंटरनेट खुलं केलं आणि प्रश्नाचं रूपच बदललं. आधी नुसत्या अक्षरांची, मग चित्रांची खाती आली. फोनचा एक लोकल कॉल आता थेट जगात नेऊन सोडत होता. शेजारच्या गल्लीतल्या बीबीएसला तेवढ्याच पैशांत फोन करायचं कारण उरलं नाही. अमेरिकेतही त्याच दोन-तीन वर्षांत हेच झालं. सिसॉपांना कुणी हरवलं नाही. अंतराची किंमत शून्य झाली आणि जवळ असण्याचा फायदा संपला.

*

आता आजची गोष्ट. माझा एक्सटी जुन्या बाजारातून आणलेला आहे: ८०८८ प्रोसेसर, दोन फ्लॉपी ड्राइव्ह, अंबर रंगाचा पडदा. फोनलाइनची गरज नाही. बाजारात काही शे रुपयांना एक वायफायची चिप मिळते, ईएसपी ८२६६. तिच्यात मोफत उपलब्ध असलेला प्रोग्रॅम भरला, की ती जुन्या मॉडेमचं सोंग घेते. मधे व्होल्टेज बदलणारी आणखी एक छोटी चिप लावावी लागते, कारण ईएसपीला ३.३ व्होल्ट झेपतात आणि जुन्या सीरियल पोर्टवर बारा व्होल्टच्या आसपास खेळ चालतो. थेट जोडलं तर वायफायची चिप मरते. हे दोन्ही एका डबीत बसवलं की झालं. एक्सटीवर टेलिक्स सुरू करायचं, 'एटीडीटी' टाइप करायचं, आणि फोन नंबरच्या जागी इंटरनेटवरचा पत्ता. चिप तिकडे जोडणी करते आणि एक्सटीला सांगते, 'कनेक्ट'. बिचाऱ्याला वाटतं, फोन लागला.

वेग मुद्दाम कमी ठेवावा लागतो. जुन्या सीरियल चिपमध्ये, ८२५०मध्ये, आलेलं जेमतेम एकच अक्षर थांबू शकतं. प्रोसेसरने ते वेळेत उचललं नाही तर पुढचं त्याच्यावर येऊन पडतं आणि पहिलं गेलं. फार वेगाने मजकूर आला की शब्दांमधली अक्षरं गळू लागतात. मी २४००वर चालवतो. रंगीबेरंगी स्वागतचित्र वरून खाली ओळीओळीने उलगडतं. ते तसंच उलगडावं म्हणून काढलेलं असतं हे त्या वेगात पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. आधुनिक पडद्यावर तेच चित्र डोळ्याचं पातं लवायच्या आत पूर्ण येतं, आणि चित्रकाराने योजलेला क्रम नाहीसा होतो. जुन्या यंत्रावर जुनी गोष्ट पाहायची ती यासाठी. कंप्यूटरचा इतिहास केवळ वाचून पूर्ण कळत नाही, तो थोडा चालवूनही पाहावा लागतो.

एका प्रयोगाने मला आपल्या भाषेबद्दल एक गोष्ट शिकवली. आयबीएम पीसीच्या अक्षरसंचात १२८च्या पुढचे बरेचसे क्रमांक रेघा आणि चौकटींसाठी वापरलेत. बीबीएसची ती सगळी चित्रं त्यांतूनच बनतात. तेच क्रमांक भारताने आपल्या लिप्यांसाठी वापरले. इस्की नावाचं ते प्रमाणक १९९१मध्ये पक्कं झालं, आणि आयआयटी कानपूरला सुरू झालेल्या कामातून पुण्याच्या सी-डॅकने बाजारात आणलेलं जिस्ट कार्ड बसवलं की साध्या डॉस प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसे. इस्कीत १७९ म्हणजे 'क'. आयबीएमच्या संचात १७९ म्हणजे उभी रेघ. इस्कीत १९६ म्हणजे 'द', तिकडे आडवी रेघ. मॉडेमला यातलं काही कळत नाही, ते फक्त आकडे वाहून नेतं. कार्ड असलेल्या घरातून निघालेलं मराठी पत्र कार्ड नसलेल्या घरात पोचलं असतं ते मोडक्या चौकटींचा ढीग होऊन. कार्ड सर्वांना परवडणारं नव्हतं. त्यामुळे आम्ही मराठीत लिहिलं तेव्हा रोमन अक्षरांतच लिहिलं, आणि बहुतेक वेळा मराठीत लिहिलंच नाही.

आज मी गंमत म्हणून युनिकोडमधलं एक मराठी वाक्य एक्सटीकडे पाठवलं. 'क'चे आता तीन बाइट होतात. पडद्यावर आधी ग्रीक अल्फा, मग डोक्यावर नागमोडी रेघ असलेला स्पॅनिश एन, मग तिरकी मात्रा लावलेला ओ. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह त्याच अल्फाने सुरू होतं, त्यामुळे सबंध वाक्य ग्रीक वाटायला लागतं. माझ्या तरुणपणच्या यंत्राला माझी भाषा वाचता येत नाही, हे माहीत होतं. तरी असं डोळ्यांपुढे आलं की वाईट वाटतं.

*

तर जुन्या यंत्रावरून जोडणी केल्यावर काय परत मिळतं? वेग मिळतो. चित्रं मिळतात. सिसॉपही मिळतो, आजही ही बीबीएस कुणाच्या तरी घरी, कपाटाच्या वर ठेवलेल्या छोट्या कंप्यूटरवर चालतात, आणि नवा माणूस आला की मालक स्वतः स्वागताचा निरोप टाकतो. मी लिहिलेल्या निरोपाला चार दिवसांनी उत्तर येतं आणि ते वाचलेलं, विचार केलेलं असतं.

एंगेज टोन मात्र मिळत नाही. मी आत असल्यामुळे दुसरा कुणी बाहेर ताटकळत नाही, त्यामुळे माझ्या अर्ध्या तासाला तशी किंमत नाही. आणि शेजारी मिळत नाही. कॅनडातला माणूस आणि मी एकाच बीबीएसवर असतो, आमच्या आवडी तंतोतंत जुळतात, आणि आम्ही शनिवारी कुठेही भेटू शकत नाही. जुन्या बीबीएसवर याच्या उलट होतं: आवडी जुळोत न जुळोत, लोकल कॉलच्या टप्प्यात जो आहे त्याच्याशी जमवून घ्यायचं. आज मोठमोठ्या मंचांवर आपण आपल्यासारख्यांनाच शोधत फिरतो आणि भांडलो की निघून जातो. निघून जायला दुसरी जागा नसणं ही तेव्हाची गैरसोय होती, पण तिने माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवलं. ती गैरसोय परत यावी असं मी म्हणणार नाही. ज्या मुलाच्या गावात एकही बीबीएस नव्हतं, त्याच्यासाठी ती भिंतच होती, आणि महाराष्ट्रातली बहुतेक गावं तशीच होती. पण इतिहास लिहिताना दोन्ही बाजू जमेस धराव्या लागतात.

आणि हा इतिहास लिहिला जायचा आहे. अमेरिकेत जेसन स्कॉट नावाच्या माणसाने बीबीएसवरचा मजकूर वर्षानुवर्षं गोळा केला, २००५ साली त्यावर आठ भागांचा माहितीपट काढला, त्यात ख्रिस्टनसन आणि स्यूस स्वतः बोलले. आज ते दोघेही नाहीत. स्यूस २०१९मध्ये गेला, ख्रिस्टनसन २०२४मध्ये. पण त्यांचं म्हणणं नोंदवलेलं आहे. आपल्याकडच्या बीबीएसवर लोक काय बोलले? पंधरा लाखांची बातमी आली त्या आठवड्यात सिसॉपांनी एकमेकांना काय लिहिलं? मुंबईतल्या दंगलींच्या, लातूरच्या भूकंपाच्या दिवसांत त्या पडद्यांवर काय होतं? बीबीएस बंद झालं की हार्डडिस्क पुसून दुसऱ्या कामाला लावली जाई. त्या काळात हार्डडिस्क महाग होती, आणि जुने निरोप कोण जपून ठेवणार?

पण इथे ते गठ्ठे उपयोगी पडतात. आपला फोन महाग होता म्हणून आपण निरोप लाइनवर वाचले नाहीत, उतरवून घरी आणले. म्हणजे मूळ बीबीएस गेलं तरी त्याच्या तुकड्यातुकड्यांच्या प्रती सभासदांच्या फ्लॉप्यांवर राहिल्या. ज्या दरपत्रकाने आपल्याला छळलं, त्यानेच नकळत हा दस्तऐवज घरोघर वाटून ठेवला. अशा दहा घरांतल्या फ्लॉप्या एकत्र आल्या तर एखाद्या बीबीएसचं वर्षभराचं बोलणं पुन्हा जुळवता येईल.

वेळ फार नाही. आपल्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते. बुरशी धरलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं डोकं तिच्यावर घासतं, चकती खरवडली जाते आणि डोकंही खराब होतं. तेव्हा आधी खिडकीतून उजेडात धरून चकती पाहा. डाग दिसले तर साफ करून घेतल्याशिवाय घालू नका. चकतीवरचे चुंबकीय ठसे जसेच्या तसे उतरवून घेणारी ग्रीसवीझलसारखी स्वस्त साधनं आता मिळतात. ज्या फ्लॉपीला साधा ड्राइव्ह 'वाचता येत नाही' म्हणतो, तिच्यातूनही कधीकधी मजकूर निघतो. आणि एक पथ्य: त्या गठ्ठ्यांत लोकांची खाजगी पत्रंही असतात. ज्यांनी ती लिहिली ते आज पन्नाशी-साठीत आहेत. उतरवा, जपून ठेवा, पण त्यांना विचारल्याशिवाय चव्हाट्यावर मांडू नका. सिसॉपचं घर गेलं असलं तरी त्याच्या घरची रीत पाळायला हरकत नाही.

माळ्यावर, पलंगाच्या पेटीत, गावाकडच्या कपाटात एखादा फ्लॉप्यांचा डबा असेल. आवळलेली अक्षरं, इंग्रजीतली किंवा रोमनमधली मराठी, तिच्यात मोडेमच्या सेटिंगवरून चाललेली भांडणं आणि 'रात्री अकरानंतर लाइन मोकळी असते' असे निरोप. या दिवाळीच्या साफसफाईत तो डबा भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहा.